उंदीर मारले, तरी कमी का होत नाहीत?

धारवाड, बेळगाव आणि त्यांच्या आसपासचा जो मुलूख इंग्रजांच्या कागदपत्रांत ‘दक्षिण मराठा प्रदेश’ म्हणून ओळखला जाई, तेथे १८२६ साली वॉल्टर इलियट नावाचे कंपनी सरकारचे एक तरुण अधिकारी होते. (दोनच वर्षांपूर्वी कित्तूरच्या उठावात ते राणी चेन्नम्मांच्या लोकांच्या कैदेत होते, त्यातून सुटल्यावर या गृहस्थांना उंदरांची बिळे न्याहाळण्याइतकी स्वस्थता लाभली, हे विशेषच.) त्या वर्षी पावसाने सुरुवातीलाच ओढ दिली आणि शेतांमध्ये उंदरांचा सुळसुळाट झाला. या प्रदेशातील सस्तन प्राण्यांची जी यादी इलियट यांनी १८३९ साली प्रसिद्ध केली, तिच्यात त्यांनी लिहिले आहे की पेरलेले बी उंदरांनी पेरताक्षणी खाल्ले, दाणे भरू लागल्यावर ज्वारीच्या ताटांवर चढून कणसे तोडली, आणि शेतेच्या शेते अशी उद्ध्वस्त झाली की शेतकऱ्यांना सारा भरता येईना. रयतेने उंदीर मारण्यासाठी वडारांना लावले. इतक्या डझनांमागे एक माप धान्य असा दर ठरला आणि हजारोंनी उंदीर मारले गेले, तरीही त्यांची संख्या घटल्याचे जाणवले नाही.

या नोंदीत दोन कोडी आहेत. पाऊस लांबल्यामुळे उंदीर का वाढावेत, आणि हजारो मारूनही ते कमी का होऊ नयेत? उंदरांची संख्या किती मारले यापेक्षा किती निवारा आणि किती अन्न उपलब्ध आहे यावर अधिक अवलंबून असते, हे लक्षात घेतले की दोन्ही कोडी सुटू लागतात. निवारा आणि अन्न या दोन्ही गोष्टी शेतांची मांडणी, पिकांचे वेळापत्रक आणि शेताला लागून असलेले रान यांतून ठरतात, म्हणून उंदरांचा विचार एका शेतापुरता किंवा एका हंगामापुरता करून भागत नाही.

इलियट यांनी वर्णन केलेला उंदीर म्हणजे मऊ केसांचा शेतउंदीर. अभ्यासक त्याला मेटाड म्हणतात आणि त्याचे शास्त्रीय नाव मिलार्डिया मेल्टाडा असे आहे. हा जोडीने किंवा पाचसहाच्या लहान गटाने राहतो, पण बीळ खणण्यात फारसा हुशार नाही. झुडपाच्या मुळाशी एखादे उथळ भोक, शेतातील दगडांची रास, घुशीने सोडून दिलेले बीळ किंवा उन्हाळ्यात काळ्या मातीला पडलेल्या भेगा, एवढ्यावर त्याचे भागते. काळ्या मातीतील चिकण कण पाणी शोषून फुगतात आणि वाळल्यावर आकसतात, त्यामुळे चैत्र-वैशाखात हातभर किंवा त्याहूनही खोल भेगा पडतात आणि मेटाडला फुकटची घरे मिळतात. मृगाचा पाऊस जोरात आला की माती फुगून त्याच भेगा मिटतात, त्यांत पाणी भरते, आणि आत असलेल्या उंदरांपैकी पुष्कळ मरतात. इलियट यांनी हेही नोंदवले आहे. म्हणजे विणीचा मुख्य हंगाम सुरू होण्याच्या तोंडावर निसर्ग दरवर्षी मूळ संख्येलाच मोठी कात्री लावतो. १८२६ साली पावसाने ओढ दिली, कात्री चालली नाही, आणि ज्या माद्या एरवी जूनमध्येच मेल्या असत्या त्यांनी पुढच्या महिन्यांत पिल्ले घातली.

संख्येचा हिशेब मांडताना परिस्थितिकीत चार रकमा धरतात: जन्म, मृत्यू, बाहेरून आलेले आणि बाहेर गेलेले. उंदरांच्या बाबतीत पहिली रक्कम इतकी मोठी असू शकते की बाकीच्या तीन तिच्यापुढे दमतात. शेतातील उंदरांच्या बहुतेक जातींत गर्भावस्था साधारण तीन आठवड्यांची असते, एका वेतात पाच-सहा पिल्ले सहज होतात, मादी दोनतीन महिन्यांत प्रजननक्षम होते, आणि व्यायल्यानंतर लगेच पुन्हा गाभण राहू शकते. रानात बहुतेक उंदीर वर्षाच्या आतच मरतात, ही या वेगाची दुसरी बाजू आहे. अन्न मुबलक आणि निवारा सुरक्षित असेल तेव्हाच हा वेग पूर्ण दिसतो. अन्न आटले की माद्यांची वीण थांबते आणि पिल्लांमधील मृत्यू वाढतात.

आता मारण्याचा हिशेब पाहू. समजा, एका गावाच्या शिवारात पिके ऐन भरात असताना जास्तीत जास्त १००० उंदीर पोसले जाऊ शकतात, आणि अनुकूल हंगामात त्यांची संख्या दर दोन महिन्यांनी दुप्पट होते. हे कागदावरचे सोपे गणित आहे, पण त्यातून मुद्दा कळतो. सुगीच्या तोंडावर १००० पैकी ७०० मारले, तर उरलेले ३०० दोन महिन्यांत ६०० होतात आणि चार महिन्यांच्या आतच शिवार पुन्हा भरते. याउलट, उन्हाळ्याच्या शेवटी शिवारात केवळ २०० उंदीर तगून असताना त्यांतील १५० मारले, तर उरलेल्या ५० चे सहा महिन्यांनंतरही ४००च होतात, आणि तोवर पीक घरात आलेले असते. पहिल्या वेळी मारलेले उंदीर दुसऱ्या वेळेच्या जवळजवळ पाचपट आहेत, पण उपयोग दुसऱ्या वेळीच झाला. वडारांनी हजारो उंदीर मारूनही फरक का पडला नाही, याचे एक उत्तर येथे आहे. त्यांना बोलावले गेले ते नुकसान डोळ्यांना दिसू लागल्यावर, म्हणजे संख्या शिखराकडे चाललेली असताना.

दुसरे उत्तर भरपाईत आहे. काही उंदीर मेले की उरलेल्यांच्या वाट्याला अधिक अन्न आणि अधिक बिळे येतात, माद्या लवकर आणि अधिक वेळा वितात, एरवी उपासमारीने किंवा भांडणात मेली असती अशी पिल्ले जगतात, आणि शेजारच्या शेतांतून तरुण उंदीर रिकाम्या बिळांत येऊन राहतात. त्यामुळे मारलेल्यांपैकी पुष्कळ उंदीर असे असतात की जे कोणी मारले नसते तरी त्या हंगामात मेलेच असते. एकट्याने आपल्या एकरभर शेतातील उंदीर मारणाऱ्या शेतकऱ्याच्या हाती काही लागत नाही, ते यामुळे. त्याचे शेत म्हणजे शेजाऱ्यांच्या उंदरांसाठी भाड्याने देणे असलेली खोली होऊन बसते.

उंदीर म्हणून आपण ज्यांना सरसकट हिणवतो त्यांच्या जाती मात्र एकमेकांहून बऱ्याच वेगळ्या आहेत, आणि कोणता उपाय कधी लागू पडेल हे त्या वेगळेपणावर ठरते. मेटाडच्या अगदी उलट स्वभाव छोट्या घुशीचा. ही घरांभोवती दिसणाऱ्या मोठ्या घुशीची लहान बहीण असली तरी शेतीचे नुकसान करण्यात तिचा हात कोणी धरणार नाही. ती उत्तम खणते, बिळाच्या तोंडाशी मातीचा ढीग टाकते, आत असताना तोंड मातीने बुजवून घेते, आणि फांद्या असलेल्या बिळात स्वतंत्र कोठारे करून धान्य साठवते. प्रौढ घूस बहुधा एकटीच राहते. एकेका बिळातून अर्धा अर्धा शेर धान्य आणि ज्वारीची अख्खी कणसे निघत, आणि वडार लोक अशी बिळे खणून त्यांतील धान्यावर हिवाळा काढत, असे इलियट सांगतात. छोटी घूस उत्तम पोहते, त्यामुळे भाताच्या खाचरात साचलेल्या पाण्याने तिचे काही बिघडत नाही. ती बांधात राहते आणि भात पोटरीत आला की खाचरात उतरून ताटे बुडाशी कापते.

बाकीच्यांची ओळख थोडक्यात होईल. बांधात बोटभर रुंदीचे बीळ करणारा, दहाएक ग्रॅम वजनाचा शेतातला छोटा उंदीर जवळजवळ सर्व प्रकारच्या शेतांत सापडतो. कोरड्या, भुसभुशीत जमिनीत आणि माळांवर शेपटीच्या टोकाला काळ्या केसांचा झुबका असलेला, हरणासारखा उड्या मारणारा जर्बिल राहतो. राठ केसांचा झुडपी उंदीर कुंपणात आणि दाट गवतात ये-जा करून बोगद्यांसारख्या वाटा पाडतो आणि झुडपात गवताचे घरटे करतो. कोकणात आणि गोव्यात माडाच्या शेंड्यात राहून कोवळे नारळ पोखरणारा उंदीर हा आपल्या घरांत येणारा काळा उंदीरच आहे. मुळात तो झाडांवर चढणारा प्राणी असल्यामुळे माड आणि घराचे आढे यांत त्याला फारसा फरक वाटत नसावा.

जुन्या कोरडवाहू शेतीच्या वर्षात उंदरांसाठी एक मोठे खिंडार होते. खरीप निघाला, मग रब्बीची ज्वारी आणि हरभरा निघाला, की फाल्गुनापासून मृगापर्यंत शिवार उघडे पडे. अन्न म्हणजे सांडलेले दाणे आणि गवताचे बी, निवारा म्हणजे बांध, ओढ्याचे काठ, दगडांच्या राशी आणि मातीतील भेगा. वर घिरट्या घालणारी कापशी आणि खाली फिरणारी धामण यांच्यापासून आडोसा जवळजवळ नाहीच. या काळात संख्या तळाला जाई आणि वीण थंडावे. पावसानंतर पुन्हा चढ सुरू होई, भाद्रपद-आश्विनात एक उंची गाठली जाई आणि रब्बीत पुन्हा एक. अशा चढउतारात एखाद्या वर्षी तळ पुरेसा खोल गेला नाही, तर पुढचे शिखर धोक्याचे ठरे. १८२६ चे तेच झाले.

बागायतीने हे खिंडार बुजवले. पश्चिम महाराष्ट्रात उसाच्या तीन मुख्य लागणी होतात: आडसाली जुलै-ऑगस्टमध्ये, पूर्वहंगामी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आणि ‘सुरू’ जानेवारी-फेब्रुवारीत. आडसाली ऊस जवळजवळ दीड वर्ष शेतात उभा असतो, त्याच्या मागे खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटलेले पीक, असतो, आणि कारखान्याच्या तोडणीच्या क्रमाप्रमाणे एक फड रिकामा होतो तेव्हा शेजारचा अजून उभाच असतो. उंदरांच्या दृष्टीने या शिवारात बाराही महिने सावली, ओलावा, पाचटाचा आडोसा आणि गोड अन्न असते. अशा ठिकाणी छोटी घूस वर्षभर वीत राहते, आणि उसाचा फड उंदीर निर्माण करणारे ‘उगमस्थान’ बनतो. शेजारचे ज्वारीचे किंवा भुईमुगाचे शेत मात्र ‘बुडीत स्थान’ असते, कारण तेथे उंदीर येतात, खातात, थोडे वितात आणि उन्हाळ्यात मरतात. उगमस्थानातून नवे आले नाहीत तर तेथली संख्या टिकत नाही. भुईमुगात दिसलेल्या उंदरांवर उपाय भुईमुगातच शोधत बसणे म्हणजे गळती कुठे आहे हे न पाहता फरशी पुसत राहणे आहे, असे मला वाटते. ओलाव्यामुळे उंदरांच्या जातीही बदलतात. राजस्थानात इंदिरा गांधी कालव्याचे पाणी आल्यावर वाळवंटी जर्बिलांच्या प्रदेशात ओलसर शेतीला सरावलेल्या जाती पसरल्या, हे जोधपूरच्या काझरी या संस्थेतील ईश्वर प्रकाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले आहे.

पीक कापणीचा उंदरांवर नेमका काय परिणाम होतो, याचा एक सुंदर पुरावा इंग्लंडमधून मिळतो. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ऑक्सफर्डच्या संशोधकांनी धान्याच्या शेतातील ३३ रानउंदरांच्या गळ्यात रेडिओपट्टे बांधून कापणीच्या आधी आणि नंतर त्यांचा माग ठेवला. कापणीच्या अजस्र यंत्राखाली सापडून मेला तो एकच. मात्र त्यानंतरच्या दिवसांत १७ उंदीर घुबडे आणि इतर शिकाऱ्यांनी नेले, कारण उभ्या पिकाचा आडोसा गेला होता. यंत्राने जे केले नाही ते उघड्या जमिनीने केले. आपल्याकडे ऊस तुटल्यावर बगळे, घारी आणि कापशी फडावर का जमतात, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या आकड्यांचे नवल वाटणार नाही. फरक एवढाच की आपल्या उंदरांना बहुधा पलीकडच्या बांधावर दुसरा उभा ऊस मिळतो.

मग रानाचे काय? ‘जंगलातून उंदीर येतात’ हे वाक्य घाटमाथ्याजवळच्या गावांत पुष्कळदा ऐकू येते, आणि ते बहुतांशी चुकीचे आहे. सह्याद्रीच्या दाट, ओल्या जंगलात राहणारा उंदीर वेगळा आहे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने हाती घेतलेल्या सस्तन प्राण्यांच्या सर्वेक्षणात सातारा जिल्ह्याच्या घाटमाथ्यावर सापडलेल्या नमुन्यांवरून मार्टिन हिंटन यांनी १९१८ साली त्याचे वर्णन केले, आणि त्याच्या शास्त्रीय नावात, रॅटस सातारी असे, साताऱ्याचे नाव कायमचे बसले. बराच काळ त्याला काळ्या उंदराचीच उपजात मानत; गुणसूत्रे आणि जनुके तपासल्यावर ती स्वतंत्र जात असल्याचे स्पष्ट झाले. हा झाडांवर वावरणारा प्राणी सह्याद्रीत तुटक तुटक ठिकाणी उरला आहे, आणि जागतिक यादीत त्याची नोंद असुरक्षित जात म्हणून आहे. कोरड्या पानगळीच्या जंगलात पांढऱ्या शेपटीचा रानउंदीर झाडांच्या ढोल्यांत आणि खडकांच्या कपारींत राहतो. या दोघांनाही उसाच्या फडाचे आकर्षण नाही, आणि छोट्या घुशीला किंवा मेटाडला दाट छताखालच्या सावलीत फारसे काही मिळत नाही. जंगलात बिया, फळे, किडे असे अन्न विखुरलेले असते, ते वेगवेगळ्या झाडांवर वेगवेगळ्या महिन्यांत येते, आणि शिकारी बाराही महिने असतात. म्हणून तेथील संख्या शेतातल्यासारखी उसळत नाही. उंदरांनी साठवून विसरलेल्या बियांतून काही झाडे उगवतात, हा त्या जंगलाचा नफाच.

शेतउंदीर आणि रानउंदीर यांतील अंतर किती मोठे असू शकते, ते सिंहगडावर दिसते. १९७५ साली मिश्रा आणि धांडा या संशोधकांनी गडाच्या माथ्यावरील एका उंदराचे नवी जात म्हणून वर्णन केले आणि त्याला किल्ल्याच्या जुन्या नावावरून मिलार्डिया कोंडाना असे नाव दिले. म्हणजे तो मेटाडचा अगदी जवळचा नातलग, एकाच प्रजातीगणातला. पण मेटाड पाकिस्तानपासून श्रीलंकेपर्यंतच्या शेतांत पसरला आहे, तर कोंडाणा उंदीर बराच काळ केवळ या एका पठारावरूनच माहीत होता आणि आज संकटग्रस्त गणला जातो. दोघांना शेजारी ठेवले तर सामान्य माणूस दोघांनाही ‘उंदीर’ म्हणूनच मारेल. पठारांवर वाढत चाललेली वर्दळ, कचरा आणि त्यापाठोपाठ येणारे काळे उंदीर, कुत्री आणि मांजरे हे कोंडाणा उंदराचे खरे शत्रू आहेत.

युरोपात चित्र वेगळे आहे, आणि तेथील निष्कर्ष जसेच्या तसे येथे आणताना ते लक्षात ठेवावे लागते. इंग्लंडमधील रानउंदीर, म्हणजे वुड माउस, हा जंगल आणि शेत दोन्हीकडे राहणारा एकच प्राणी आहे. पीक उंच होते तेव्हा तो शेतात पसरतो, कापणीनंतर कुंपणाच्या झुडपांकडे आणि झाडीकडे वळतो, आणि ओक-बीचच्या झाडांना ज्या वर्षी भरघोस बी येते त्याच्या पुढच्या वर्षी त्याची संख्या फुगते. त्याच्याच शेजारी राहणारा बँक व्होल हा उंदरासारखा छोटा प्राणी मात्र झुडपांचा आडोसा सहसा सोडत नाही. ऑक्सफर्डजवळच्या वायटम जंगलात १९५८ साली उंदीर आणि व्होल इतके कमी झाले की तेथील तपकिरी घुबडांच्या एकाही जोडीने पिल्ले वाढवली नाहीत.

आपल्याकडे जंगलातून शेतावर उंदरांची लाट खरोखर आल्याचे ठळक उदाहरण मिझोरामचे आहे. तेथील मौटक नावाचा बांबू सुमारे ४८ वर्षांनी एकदम फुलतो, डोंगरभर बियांचा खच पडतो, त्यावर उंदीर अमाप वाढतात, आणि बिया संपल्या किंवा रुजल्या की ते झूम शेतीतल्या भातावर आणि मक्यावर तुटून पडतात. १९५८-५९ च्या फुलोऱ्यानंतर तेथे दुष्काळ पडला. त्या दुष्काळात मदतीसाठी उभी राहिलेली संघटना पुढे मिझो नॅशनल फ्रंट झाली आणि १९६६ साली तिने बंड केले. पुढचा फुलोरा २००६ ते २००८ च्या सुमारास आला तेव्हा तो येणार हे सर्वांना ठाऊक होते, तरीही पिकांचे मोठे नुकसान झालेच. एरवी स्थिर असलेले जंगल एका प्रकारच्या अन्नाने एकाच वेळी भरून गेले की उसाच्या फडासारखेच वागू लागते.

महाराष्ट्रातील खरी देवघेव दाट जंगल आणि शेत यांच्यामधल्या पट्ट्यात होते: पडीक जमीन, गवताळ माळ, घाणेरीची झुडपे, ओढ्याकाठची झाडी, दगडी ताली. झुडपी उंदीर, जर्बिल आणि मेटाड उन्हाळ्यात येथेच तग धरतात आणि पावसानंतर येथूनच शेतात उतरतात. म्हणून बांधावरचे गवत, तण आणि झुडपे साफ करा, असा सल्ला कृषी पत्रिकांत नेहमी दिसतो, आणि तो अर्धा बरोबर आहे. रुंद, गवताने माजलेला बांध हा घुशीचा वाडाच असतो. भातशेतीत बांध एक फुटाच्या आसपास अरुंद ठेवला तर त्यात प्रशस्त बीळ करायला जागाच उरत नाही. पण या सल्ल्याच्या नावाखाली बांधावरची बाभूळ, आंबा आणि देवराईच्या कडेची झाडी तोडली जाते, तेव्हा उंदरांपेक्षा त्यांच्या शत्रूंचे घर आधी मोडते. पिंगळा ढोलीत राहतो, कापशीला टेहळणीसाठी उंच बसणी लागते, मुंगूस, खोकड आणि रानमांजर यांना दिवसा दडायला झुडूप लागते. गवत काढावे आणि झाड ठेवावे, असा भेद करायला हवा, आणि तो सल्ल्यांमध्ये क्वचितच केलेला आढळतो.

शिकारी प्राण्यांकडून काय अपेक्षा करावी, हेही स्पष्ट असलेले बरे. गव्हाणी घुबडांची जोडी पिल्ले असताना रात्रीत अनेक उंदीर नेते, आणि उंदीर वाढले की कापशी अधिक वेळा वीण घालते. तरीही कोणताही पक्षी किंवा साप उंदराइतक्या वेगाने वाढू शकत नाही. संख्या कमी असताना शिकारी तिला दाबून ठेवतात; एकदा ती निसटली की ते मागे पडतात. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळानंतर लगेच १८७८-७९ मध्ये दख्खनमध्ये उंदरांनी पिके खाऊन टाकली, आणि ऑस्ट्रेलियात आजही उंदरांचे उद्रेक बहुधा दुष्काळ संपवणाऱ्या चांगल्या पावसानंतर येतात. दुष्काळात शिकारीही घटतात, आणि पाऊस येऊन अन्न परतले की आधी सावरतात ते उंदीर.

विषाने हा समतोल आणखी बिघडू शकतो. झिंक फॉस्फाइड लवकर परिणाम करते, पण पुरेसा डोस न मिळालेला उंदीर आजारी पडून बरा झाला की त्या आमिषाला कित्येक आठवडे तोंड लावत नाही. म्हणून आधी दोनतीन दिवस विष न घातलेले दाणे ठेवून सवय लावावी लागते. ब्रोमॅडिओलोनसारखी रक्त गोठू न देणारी विषे काही दिवसांनी परिणाम करतात, त्यामुळे उंदराला संशय येत नाही. पण मधल्या काळात अंगात विष घेऊन सुस्तावलेला उंदीर उघड्यावर फिरतो आणि घुबड किंवा कापशी नेमका तोच उचलते.

किती उंदीर आहेत हे मोजता आले तरच या सगळ्याला अर्थ आहे. संशोधक जिवंत पकडण्याचे पिंजरे लावून उंदरांवर खूण करतात आणि सोडून देतात. पहिल्या वेळी ४० उंदरांवर खूण केली, दुसऱ्या वेळी ५० पकडले आणि त्यांत खुणेचे १० निघाले, तर खुणेचे उंदीर एकूण संख्येच्या पाचवा हिस्सा आहेत असे धरून संख्या २०० च्या आसपास येते. शेतकऱ्याला यातले काही लागत नाही. संध्याकाळी सगळी बिळे मातीने लिंपून टाकावीत आणि सकाळी जी उघडलेली दिसतील ती मोजावीत. तीच जिवंत बिळे. बिळांशी हाताने काम करताना मात्र हातमोजे हवेतच, कारण उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो, आणि सिंधुदुर्गात भातखाचरांत अनवाणी काम करणाऱ्यांना त्याची झळ बसली आहे. बिळात घोणस किंवा नाग शिरलेला असण्याची शक्यता तर नेहमीचीच.

कोरडवाहू गावात मे अखेर ते मृगाच्या पहिल्या पावसापर्यंतचा काळ सर्वांत मोलाचा असतो. तेव्हा जिवंत बिळे थोडी, ती बांधांवर आणि ओढ्याकाठी एकवटलेली आणि गवत वाळल्यामुळे डोळ्यांना दिसणारी असतात. त्या आठवड्यांत संपूर्ण गावाने एकदम काम केले, तर वर मांडलेल्या गणितातील ५० उरण्याची शक्यता असते. निम्म्या गावाने केले तर उरलेले निम्मे गाव रिकामी बिळे भरून काढते. ऊसपट्ट्यात असा मोकळा काळ मिळत नाही. तेथे तोडणी झाल्यापासून खोडव्याची पाने जमीन झाकेपर्यंतचे दिवस हाती असतात, आणि प्रत्येक फडाचे ते दिवस वेगळे असतात. त्या दिवसांत पाचटाचे ढीग बांधालगत न रचता कुट्टी करून सरीत पसरले, उघड्या पडलेल्या बिळांवर लगेच काम केले आणि शेजारच्या फडाची तोडणी शक्य तितकी लागून ठेवली, तर घुशींना पलीकडे जायला जागा कमी उरते. तोडणीचा क्रम शेतकऱ्याच्या हाती नसून कारखान्याच्या कार्यक्रमपत्रिकेत ठरतो, त्यामुळे उंदरांचा हा प्रश्न तेथे शेती विभागाच्या बैठकीतही मांडावा लागतो.